हात लावायचा नाही

दादरच्या पुलावर एक टीसी बाई एका दांडग्या तरुणासमोर उभ्या होत्या. तो अंगावर येत होता, तरी त्यांचे हात पाठीमागेच बांधलेले. ते हात पाहूनच मी त्यांच्याबरोबर फिरायचं ठरवलं.

"हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "हात लागला की चूक आपली. जे काही ते तोंडानं."

तिकीट मागायचं, नसेल तर पावती फाडायची. भाडं आणि वर किमान अडीचशे. "मॅडम, शंभर घ्या, पावती नको," एक काका पुटपुटले. "अडीचशे. भाडं वेगळं. पावती घ्यावीच लागेल." पाच रुपयांचं तिकीट चुकवणारा माणूस अडीचशे ऐकून आधी हसतो, मग चिडतो, मग फोन काढून कुणाची तरी ओळख सांगू लागतो. काळ्या कोटाचा खरा कस लागतो तो या वेळी.

कारण कोट पोलिसाचा नाही. 1989 च्या रेल्वे कायद्यात टीसीचे अधिकार मोजूनमापून दिलेले आहेत. दंड भरायला नकार देणाऱ्याला गाडीतून उतरवता येतं, त्यासाठी आसपासच्या कुणालाही मदतीला बोलावता येतं. अटकेचं गणित मात्र वेगळं. गाडी पाडण्याच्या हेतूनं रुळांवर लाकूड-दगड ठेवणाऱ्याला कुणीही रेल्वे कर्मचारी वॉरंटशिवाय अटक करू शकतो; फुकट्या प्रवाशाला अटक करायची तर केंद्र सरकारनं अधिसूचनेनं नेमलेलाच अधिकारी लागतो. म्हणून बाई आरपीएफला हाक मारतात आणि वाट बघतात. तो तरुण याच मधल्या वेळात अंगावर आला होता.

पण माझ्या मनात घर करून आहे ती उशिराची कर्जत लोकल. लेडीज डब्यात एक बाई, मांडीवर झोपलेलं मूल, तिकीट नाही, पैसे नाहीत. कलम 139 सांगतं : सोबत पुरुष नसलेल्या बाईला किंवा मुलाला उतरवायचं तर ती जिथे चढली त्या स्टेशनावर, जंक्शनला, शेवटच्या स्टेशनावर किंवा जिल्ह्याच्या ठिकाणीच, आणि तेही दिवसाच. कल्याण आलं. जंक्शन होतं, पण दिवस नव्हता.

"बसा," टीसी बाई म्हणाल्या. "कुठे उतरणार? घ्यायला कुणी येणार आहे का?" अडीचशेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

कायद्यातली ही एक ओळ मला अख्ख्या दंडवसुलीपेक्षा मोलाची वाटते. टीसींवर हात उगारला जातो तेव्हा त्यांना पोलिसी अधिकार द्या, असं कुणीतरी म्हणतंच. मी तेच बाईंना विचारलं.

"काठी दिली की ती चालवावी लागते," त्या म्हणाल्या. "मग तिकीट कोण विचारणार? मला दोन टीसींमागे एक आरपीएफवाला द्या, बस्स."

त्यांचं म्हणणं मला पटलं. टीसीच्या कामावर कागदाचा धाक आहे. प्रत्येक रुपयाची पावती आहे, म्हणून त्या अडीचशेची शंभरावर तडजोड करू शकत नाहीत. अटकेच्या अधिकारावर इतकी चोख नजर कोण ठेवणार? त्याआधी रेल्वेनं एक साधी गोष्ट मोजावी : टीसीनं हाक मारल्यावर आरपीएफचा जवान किती मिनिटांत पोहोचतो.