तारकापिधान, दूरस्थ लघुपिंडकृत

सूर्यकुलातील एखादा लहान पिंड दूरच्या ताऱ्यासमोरून जात असता ताऱ्याचा प्रकाश पृथ्वीवरील निरीक्षकापर्यंत काही काळ पोहोचत नाही. या आविष्काराला तारकापिधान म्हणतात. चंद्राने केलेली ठळक ताऱ्यांची पिधाने नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. नेपच्यूनपलीकडील लघुपिंडांच्या बाबतीत मात्र पिंड बहुधा इतका अंधुक असतो की, लहान दूरदर्शकातून तो दिसतही नाही. तारा क्षणभर दिसेनासा होतो, एवढ्यावरूनच तो तेथून गेल्याचे कळते. तथापि अशा पिंडांचे आकारमान व आकार पृथ्वीवरून ठरविण्याची हीच सर्वांत अचूक पद्धती होय.

तत्त्व : तारा अतिशय दूर असल्यामुळे त्याचे किरण जवळजवळ समांतर येतात, म्हणून पृथ्वीवर पडणारी छाया पिंडाएवढ्याच रुंदीची असते. पृथ्वीच्या सूर्याभोवतालच्या गतीमुळे ती भूपृष्ठावरून सेकंदाला सामान्यतः २० ते २५ किमी. वेगाने सरकते. या वेगाला पिधानाच्या कालावधीने गुणले असता पिंडाच्या बाह्याकृतीच्या एका जीवेची लांबी मिळते. छायामार्गाच्या आडव्या दिशेत अंतराअंतरावर दूरदर्शक मांडल्यास अनेक जीवा मिळतात व त्यांवरून बाह्याकृती रेखाटता येते. ज्या ठिकाणी तारा झाकला जात नाही, तेथील नोंदही उपयुक्त असते. कारण तिच्यामुळे पिंडाची सीमा निश्चित होते. पिंडाला वातावरण असल्यास ताऱ्याची दीप्ती एकदम नाहीशी न होता हळूहळू घटते. प्लूटोचे वातावरण १९८८ मध्ये याच रीतीने निश्चित झाले. या पद्धतीला मर्यादा पडते ती प्रकाशाच्या विवर्तनाने. सुमारे ६५० कोटी किमी. अंतरावरील पिंडाच्या छायेची कड त्यामुळे एक-दीड किमी.पर्यंत पुसट होते.

पूर्वकथनातील अडचण : छाया नेमकी कोठे पडेल हे आधी सांगणे, हे यातील सर्वांत कठीण काम असते. अरोकॉथ हा पिंड २०१४ मध्ये हबल अवकाश दूरदर्शकातून सापडला. न्यू होरायझन्स हे यान त्याच्याजवळून एकदाच जाणार होते. म्हणून त्याचे आकारमान व मार्ग आधी कळणे आवश्यक होते. या अंतरावर स्थानातील विकलेच्या एक सहस्रांशाएवढी चूकही छायेला सुमारे ३० किमी. बाजूस नेते, म्हणजे जवळजवळ पिंडाच्या लांबीएवढी. ३ जून २०१७ रोजी अर्जेंटिना व दक्षिण आफ्रिका येथे मांडलेल्या दूरदर्शकांपैकी एकातही पिधान आढळले नाही. गाया या यानाने मोजलेली ताऱ्यांची स्थाने व हबलमधून घेतलेले वेध यांच्या आधारे १७ जुलैचे पूर्वकथन करण्यात आले. त्या रात्री अर्जेंटिनातील पॅटागोनियात २४ दूरदर्शक उभारण्यात आले. स्थानिक प्रशासनाने रस्त्यांवरील दिवे मालविले आणि जोरदार वाऱ्याला आडोसा म्हणून मालमोटारी उभ्या करण्यात आल्या. पाच दूरदर्शकांना पिधान सापडले. मिळालेल्या जीवांवरून पिंड लांबट किंवा जोडपिंड असावा, असे अनुमान निघाले. १ जानेवारी २०१९ रोजी यान जवळून गेले, तेव्हा तो एकमेकांना चिकटलेल्या दोन भागांचा व सुमारे ३५ किमी. लांबीचा असल्याचे दिसून आले.

कड्यांचा शोध : मुख्य पिधानाच्या आधी व नंतर ताऱ्याची दीप्ती अल्पकाळ घटली, तर पिंडाभोवती कडे असण्याची शक्यता असते. युरेनस ग्रहाची कडी १० मार्च १९७७ रोजी अशीच सापडली. त्या पिधानाचे वेध तमिळनाडूतील कवलूर वेधशाळेतूनही घेतले गेले होते. शनी व युरेनस यांच्या कक्षांदरम्यान फिरणाऱ्या, सुमारे २५० किमी. व्यासाच्या चॅरिक्लोने ३ जून २०१३ रोजी केलेल्या पिधानात त्याच्याभोवती दोन अरुंद कडी असल्याचे आढळले. लघुपिंडाभोवती कडी सापडण्याचा हा पहिलाच प्रसंग होय. क्वावारभोवतालचे कडे २०२३ मध्ये जाहीर झाले. ते त्याच्या केंद्रापासून सुमारे ४,१०० किमी. दूर आहे. इतक्या अंतरावरील द्रव्य एकत्र येऊन त्याचा उपग्रह बनावयास हवा, अशी समजूत होती. या शोधामुळे तिचा फेरविचार करणे भाग पडले आहे.

तारा झाकला जाण्याचा व पुन्हा प्रकट होण्याचा क्षण अचूक नोंदता आला, तर सुमारे २० ते ४० सेंमी. व्यासाचा दूरदर्शकही या कामी उपयोगी पडतो. छाया मोठ्या वेधशाळांवरूनच जाईल असे नसल्यामुळे, ठिकठिकाणच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदींना या क्षेत्रात विशेष महत्त्व आहे.