विश्लेषण : बाटलीला भाव, वेफर्सच्या पाकिटाला का नाही? चाळीसगावच्या सुक्या कचऱ्याचे गणित

घंटागाडी दारावरून पुढे गेली की कचऱ्याशी आपला संबंध संपला, असे बहुतेकांना वाटते. कचऱ्यातल्या पैशाचा प्रवास मात्र तिथूनच सुरू होतो. मोबाइल अ‍ॅप, क्यूआर कोड आणि कॅमेऱ्याने प्लास्टिक ओळखणारी यंत्रे घेऊन खासगी कंपन्या या व्यवसायात उतरल्या आहेत. चाळीसगावसारख्या शहराला त्यांच्याकडून काय मिळू शकते आणि करार करताना काय तपासावे?

तंत्रज्ञानावर चालणारी कचरा कंपनी म्हणजे काय?

ढोबळमानाने अशा कंपन्यांचे तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार गाड्यांवर लक्ष ठेवणारा. दारावर क्यूआर कोड लावायचा, सफाई कर्मचाऱ्याने तो मोबाइलवर स्कॅन करायचा आणि कोणत्या घरातून कचरा उचलला, याची नोंद कार्यालयात दिसायची. राज्यातील अनेक नगरपालिकांनी ही पद्धत वापरली आहे. दुसरा प्रकार कचरा विकणारे आणि विकत घेणारे यांना ऑनलाइन जोडणारा. हैदराबादची ‘रिसायकल’ ही २०१६ मध्ये सुरू झालेली कंपनी त्यातली. केदारनाथमध्ये २०२२ च्या यात्रेपासून पाण्याच्या बाटलीवर क्यूआर कोड लावून १० रुपये अनामत घेण्याची आणि रिकामी बाटली परत केल्यावर ती परत देण्याची योजना याच कंपनीच्या यंत्रणेवर उभी राहिली. तिसरा प्रकार प्रत्यक्ष पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांचा. पुण्याच्या ‘अशाया’ कंपनीने २०२३ मध्ये वेफर्सच्या पाकिटांपासून गॉगल तयार करून लक्ष वेधले होते. त्या गॉगलवरही क्यूआर कोड आहे.

पहिल्या प्रकारात कचऱ्याचे रूप बदलत नाही, फक्त नोंद होते. त्यामुळे एखाद्या कंपनीने सादरीकरण केले की ती या तिघांपैकी नेमके कोणते काम करणार, हा पहिला प्रश्न.

बाटली उचलली जाते, पाकीट का राहते?

याचे उत्तर वजनात आहे. पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली साधारण २० ग्रॅमची. अशा ५० बाटल्या म्हणजे एक किलो. पाच-दहा रुपयांच्या वेफर्सच्या पाकिटाचे वजन जेमतेम दोन ते चार ग्रॅम. एक किलो जमवायला अडीचशे ते पाचशे पाकिटे वेचावी लागतात. कचरा वेचणारी बाई प्रत्येक वस्तूसाठी एकदा वाकते. बाटलीसाठी वाकणे परवडते, पाकिटासाठी नाही.

दुसरे कारण पाकिटाच्या घडणीत आहे. बाटली एकाच प्रकारच्या प्लास्टिकची, पेटची असते. पाकिटात प्लास्टिकचे पातळ थर, त्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा आणि छपाईची शाई असते. हे थर एकमेकांपासून सोडवणे अवघड आणि खर्चिक. म्हणून भंगारवाला पाकिटे घेत नाही आणि ती गटारीत, नाल्यात जातात. चाळीसगावात नाल्यांचे पाणी तितूर आणि डोंगरी नद्यांना मिळते. तितूर पुढे गिरणेला आणि गिरणा तापीला. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी या दोन नद्यांचा पूर शहरात शिरला, तो अतिवृष्टीमुळे. पण नाल्यांची तोंडे प्लास्टिकने बुजलेली असतील तर साचलेले पाणी उशिरा ओसरते.

मग पाकिटाला भाव येणार कुठून?

कायद्यातून. केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये प्लास्टिक वेष्टनांसाठी उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीची, म्हणजे ‘ईपीआर’ची, मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. जी कंपनी प्लास्टिकच्या वेष्टनात माल विकते, तिने ठरावीक प्रमाणात प्लास्टिक गोळा करून त्यावर प्रक्रिया झाल्याचे दाखवायचे. बाटल्या, डबे अशा कडक प्लास्टिकसाठी पुनर्वापराचे किमान प्रमाण २०२४-२५ मध्ये ५० टक्के होते आणि २०२७-२८ पर्यंत ते ८० टक्के व्हायचे आहे. लवचीक आणि बहुस्तरीय वेष्टनांसाठी ही वाटचाल ३० वरून ६० टक्क्यांपर्यंतची आहे.

उत्पादक कंपनी हे काम बहुधा स्वतः करत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी केलेला प्रक्रिया उद्योग जितक्या प्लास्टिकवर प्रक्रिया करतो, तितक्याची प्रमाणपत्रे मंडळाच्या पोर्टलवर त्याच्या नावे तयार होतात. उत्पादक ती विकत घेतात. म्हणजे प्रक्रिया उद्योगाला दोन ठिकाणी पैसे मिळतात. एक तयार मालाचे, दुसरे प्रमाणपत्राचे. एरवी तोट्यात जाणारे पाकीट या दुसऱ्या पैशामुळे उचलणे शक्य होते.

इथेच चाळीसगावचा प्रश्न येतो. प्रमाणपत्र प्रक्रिया उद्योगाच्या नावे निघते. कचरा वेगळा करणाऱ्या घराच्या, तो वेचणाऱ्या हाताच्या किंवा गाडी चालवणाऱ्या नगरपरिषदेच्या नावे नाही. या पैशातला वाटा शहराला हवा असेल तर तो करारातच लिहून घ्यावा लागतो.

एकट्या चाळीसगावच्या कचऱ्यावर कारखाना चालेल का?

२०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ९७ हजारांच्या घरात होती. छोट्या शहरांत माणशी रोज २०० ते ३०० ग्रॅम कचरा निघतो, असे धरले जाते. लाखभर लोकसंख्येला हा हिशेब लावला तर रोजचा कचरा २० ते ३० टन होतो. त्यात निम्म्याच्या आसपास ओला कचरा. उरलेल्यात कागद, पुठ्ठा, काच, कापड आणि माती. प्लास्टिक त्याचा छोटा भाग, आणि तेही पाच-सात प्रकारांत विभागलेले. इतक्या थोड्या मालावर कॅमेरा आणि अवरक्त किरणांनी प्लास्टिक ओळखणारे महागडे यंत्र दिवसभर चालवणे परवडणार नाही.

त्यामुळे छोट्या शहरासाठी व्यवहार्य मार्ग वेगळा दिसतो. शहरात वर्गीकरणाची शेड, दाबून गठ्ठे बांधणारे यंत्र आणि वजनकाटा. गठ्ठे झाले की पाचोरा, भडगाव, धुळे अशा आसपासच्या शहरांचा माल एकत्र करून मोठ्या प्रक्रिया उद्योगाकडे पाठवता येतो. रिकाम्या बाटल्या तशाच भरल्या तर ट्रक हवाच वाहून नेतो. दाबलेल्या गठ्ठ्यांमुळे वाहतुकीचा खर्च सुसह्य होतो. ऑनलाइन बाजारपेठेचा खरा उपयोग इथे आहे. घेणारा जवळचा एकच व्यापारी असण्याऐवजी अनेक ठिकाणचे दर समजतात.

खान्देशाला हा व्यवसाय नवा आहे का?

अजिबात नाही. जळगावची औद्योगिक वसाहत प्लास्टिकच्या चटयांसाठी देशभर ओळखली जाते आणि त्या व्यवसायात पुनर्वापराच्या प्लास्टिकच्या दाण्याचा मोठा वाटा आहे. जुने प्लास्टिक वेगळे करायचे, दळायचे, धुवायचे, वितळवून त्याची तार काढायची आणि तिचे तुकडे करून दाणा बनवायचा, ही प्रक्रिया इथल्या कारागिरांना पाठ आहे.

या धंद्यातले एक साधे तंत्र पाण्याच्या हौदाचे. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन पाण्यावर तरंगतात, पेट आणि पीव्हीसी बुडतात. हौदात टाकले की दोन गट आपोआप वेगळे होतात. पण बुडालेल्या ढिगात पेटमध्ये थोडे जरी पीव्हीसी राहिले, तर वितळवताना त्यातून आम्ल सुटते आणि सगळा माल खराब होतो. नवी यंत्रे इथे उपयोगी पडतात, कारण डोळ्यांना सारखे दिसणारे दोन तुकडे ती वेगळे ओळखतात.

शेतातले प्लास्टिकही विसरून चालणार नाही. केळी आणि कपाशीच्या पट्ट्यात ठिबकच्या जुन्या नळ्या हा एकाच प्रकारचा, तुलनेने जड आणि सहज विकला जाणारा माल आहे. मल्चिंग पेपर मात्र पातळ आणि मातीने माखलेला, म्हणून बरेचदा बांधावरच जाळला जातो. संकलन केंद्र उभारायचेच असेल तर ते शहर आणि शिवार दोन्हींसाठी असावे.

क्यूआर कोड लावला की काम झाले का?

नाही. स्कॅन झाल्यावर गाडी आली एवढेच कळते. डब्यात ओले आणि सुके वेगळे होते का, ते कळत नाही. भाजीचा रस लागलेला पुठ्ठा कोणतेही यंत्र कोरडा करून देत नाही. १ एप्रिल २०२६ पासून अंमल ठरवलेल्या नव्या घनकचरा नियमांत म्हणूनच घरातच चार भाग सांगितले आहेत. ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा, म्हणजे रंगाचे डबे, बल्ब, औषधे वगैरे.

कागदावरची नोंद फसवीही असू शकते. केंद्रीय मंडळाच्या तपासणीत गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातील काही उद्योगांनी सुमारे ६ लाख बनावट ईपीआर प्रमाणपत्रे तयार केल्याचे २०२३ मध्ये उघड झाले. पोर्टल होते, प्रमाणपत्रे होती, तेवढे प्लास्टिक मात्र नव्हते.

उलट उदाहरण सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याचे. तत्कालीन मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात या छोट्या नगरपरिषदेने कचरा वीसहून अधिक प्रकारांत वेगळा करण्याची शिस्त लावली आणि कचरा डेपोचे रूपच पालटले. तिथे यंत्रे होती, पण आधी सवय लावली गेली.

भंगारवाले आणि कचरावेचकांचे काय होणार?

सर्वात नाजूक मुद्दा हाच. आज बाटल्या, पुठ्ठा आणि लोखंड हे लोक वेचतात आणि त्यावर त्यांचे घर चालते. संपूर्ण सुका कचरा एका कंपनीला दिला तर महागडा माल कंपनीकडे जाईल आणि वेचकांच्या हाती पाकिटे उरतील. पुण्यात २००८ पासून काम करणाऱ्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने दुसरी वाट दाखवली. वेचक घरोघरी जाऊन कचरा घेतात, घरटी शुल्क मिळते आणि सुका माल विकण्याचा हक्क त्यांच्याकडेच राहतो.

करारात काय असावे?

पाच गोष्टी. एक, मोबदला उचललेल्या टनावर नव्हे, तर प्रत्यक्ष प्रक्रियेला गेलेल्या टनावर. टनावर उचल ठरली की ओला-सुका एकत्र आणि माती मिसळलेला कचरा कंपनीच्या फायद्याचा होतो. दोन, शहरातून निघालेल्या गठ्ठ्याचे वजन आणि कारखान्यात पोहोचलेल्या गठ्ठ्याचे वजन जुळवून दर महिन्याला जाहीर करणे. तीन, प्रमाणपत्रांच्या उत्पन्नात नगरपरिषदेचा वाटा. चार, सध्याच्या कचरावेचकांना ओळखपत्र आणि वर्गीकरण शेडमध्ये काम. पाच, पाकिटांसारखा स्वस्त माल नाकारता येणार नाही, अशी अट.

पाचवी अट सर्वात महत्त्वाची. बाटल्या उचलायला कंपनीची गरज नाही, ते काम चाळीसगावचे भंगारवाले आजही करतात. नवी कंपनी शहराच्या उपयोगाची आहे की नाही, हे पावसाळ्याआधी नाल्यातून निघणाऱ्या गाळात पाकिटे कमी झाली का, यावरून कळेल.