चालीची वही

पर्युषणात सायंकाळचे प्रतिक्रमण आटोपले की आमच्या मातोश्री एक स्तवन म्हणत असत. त्याचे शब्द छापील पुस्तकात आहेत. चाल मात्र कोठेही लिहिलेली नाही. ती त्यांना त्यांच्या आत्याकडून मिळाली, आत्यांना कोणाकडून मिळाली ते आता सांगणारे कोणी उरले नाही. मातोश्रींचे वय ८८ आहे. मोबाइलवर केलेले दोन मिनिटांचे एक मुद्रण सोडले, तर या चालीची दुसरी नोंद आमच्या घरात नव्हती. ज्या रकमेची नोंद एकाच वहीत आहे तिच्याविषयी बँकेतला माणूस स्वस्थ झोपू शकत नाही.

स्वरलेखनाची सोय आपल्याकडे आहेच. पंडित भातखंडे यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’त शेकडो बंदिशी लिहून ठेवल्या त्या याच काळजीने. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली बिंदू, तार सप्तकाला वर बिंदू, समेला फुली, खालीला शून्य. इतकी साधी आणि नेटकी पद्धत. परंतु आमची नात कीबोर्ड शिकते व तिला पाच रेघांची पाश्चात्त्य लिपीच वाचता येते. चाल तिच्यापर्यंत पोहोचवायची तर तिच्या लिपीत लिहिणे भाग होते. अशा रीतीने वयाच्या सत्तरीकडे झुकताना मी ‘म्यूझस्कोर’ नावाचे सॉफ्टवेअर शिकलो.

ते विनामूल्य आहे, आणि आपल्या समाजात फुकट मिळणाऱ्या मालाकडे संशयाने पाहण्याची रीत आहे. ती वाईटही नाही. म्हणून मी आधी त्याची कुळकथा पाहिली. व्हेर्नर श्वेअर या जर्मन गृहस्थांनी २००२ मध्ये ‘म्यूझ’ या दुसऱ्या संगीत-सॉफ्टवेअरमधून स्वरलेखनाचा भाग वेगळा काढून हे काम आरंभले. त्याचा परवाना असा आहे की मूळ संहिता कोणीही पाहावी, बदलावी आणि त्याच परवान्याखाली इतरांना द्यावी. आज त्यामागे एक व्यापारी समूह उभा आहे, तथापि तो समूह उद्या नाहीसा झाला तरी संहिता लोकांच्या हाती राहते. एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. सॉफ्टवेअर विनामूल्य असले तरी त्याच नावाच्या ज्या संकेतस्थळावर लोक आपली स्वरपत्रे ठेवतात, तेथून पुष्कळ स्वरपत्रे उतरवून घेण्यास वर्गणी पडते. दोन्हींची खाती वेगळी समजावीत.

परवान्याचे हे महत्त्व २०२४ च्या ऑगस्टमध्ये साऱ्या संगीतविश्वाच्या ध्यानी आले. ‘फिनाले’ हे या क्षेत्रातील जुने व मातब्बर सशुल्क सॉफ्टवेअर. साडेतीन दशके चालवून त्याच्या कंपनीने यापुढे त्याचा विकास बंद, असे जाहीर केले. वर्षभरानंतर ते नव्या संगणकावर चालू करून देणार नाही, असेही प्रथम सांगितले. ओरड झाल्यावर ही अट मागे घेतली. ज्यांची उभ्या आयुष्याची रचना त्या फायलींत होती, त्यांची त्या आठवड्यातील मनःस्थिती आपल्याला समजावी. माल आपला, कोठी आपली, पण कुलपाची किल्ली परक्याच्या कमरेला. त्यांना आधार दिला तो ‘म्यूझिक-एक्सएमएल’ या सामायिक रूपाने. हे रूप एखाद्या हुंडीसारखे आहे: एका पेढीवर लिहावे, दुसऱ्या पेढीवर वटवावे. पानावरील मांडणीत थोडी घट येते, स्वर बहुतेक सुखरूप उतरतात.

या सॉफ्टवेअरभोवती जमलेल्या माणसांनी केलेले एक काम मला विशेष भावले. बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ ही रचना १७४१ सालची. तिच्यावर कोणाचाही हक्क उरलेला नाही. परंतु नव्या संपादित प्रतींवर व ध्वनिमुद्रणांवर प्रकाशकांचे हक्क असतात. म्हणजे रचना सर्वांची आणि वापरता येईल अशी चांगली प्रत मात्र कोणाची तरी. तेव्हा लोकांनी वर्गणी जमवली, स्वरपत्र म्यूझस्कोरमध्ये नव्याने लिहून सर्वांसमोर तपासणीस ठेवले, आणि किमिको इशिझाका या पियानोवादिकेने ते बर्लिनमध्ये ध्वनिमुद्रित केले. मे २०१२ मध्ये स्वरपत्र व मुद्रण दोन्ही सर्व हक्क सोडून जगाला देण्यात आले. ज्ञानभांडारासाठी पोथ्या लिहवून घेणाऱ्या श्रावकांचे स्मरण मला येथे झाले, ते अगदीच अस्थानी नसावे.

आता माझ्या उद्योगाकडे येतो. ‘एन’ दाबले की लेखन सुरू होते; अंकांनी स्वराची लांबी आणि ए ते जी या अक्षरांनी स्वर. ‘सी’ला षड्ज मानून मी बसलो. कंट्रोल आणि ‘एल’ एकत्र दाबले की स्वराखाली शब्द लिहिता येतात, देवनागरीतही. शब्द संपला की स्पेस, शब्द तोडायचा तर छोटी आडवी रेघ. केरव्याच्या आठ मात्रा चार-चारच्या दोन घरांत बसल्या. अडलो ते मुखड्याशी. आपला मुखडा समेच्या आधी उठतो. मी पहिले घर पूर्ण चार मात्रांचे घेतले होते, त्यामुळे पुढची प्रत्येक सम दोन मात्रा सरकली. दोन दिवस खोडाखोड करून शेवटी अन्य वापरकर्त्यांना विचारले. एका अनोळखी सद्गृहस्थाने आधी फाइल मागितली, आवृत्तीचा क्रमांक विचारला आणि मग लिहिले: पहिल्या घराच्या गुणधर्मांत जाऊन त्याची प्रत्यक्ष लांबी दोन मात्रा करा व ते घर मोजणीतून वगळा. सगळ्या समा जागेवर आल्या. त्या गृहस्थांना स्तवन म्हणजे काय हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

मींड मात्र साधली नाही. दोन स्वरांमध्ये रेघ काढता येते. वाजते मात्र ती पियानोच्या पट्ट्यांवरून बोट ओढल्यासारखी. तेथे मी मराठीत टीप लिहून ठेवली आहे.

नातीने ते पान वाजवून दाखविले तेव्हा मातोश्री डोळे मिटून ऐकत होत्या. तिसऱ्या ओळीवर त्यांनी हात वर केला. “येथे निषाद कोमल आहे रे, तू शुद्ध लिहिलास.” मी मुद्रण पुन्हा लावले, त्यात त्यांनी स्वतःच शुद्ध निषाद गायिला होता. त्या म्हणाल्या, “त्या दिवशी घसा बसला होता. आत्या कोमलच म्हणत.” दोन नोंदी जुळेनात तेव्हा एक खोडायची नसते. मी वहीत दोन्ही ओळी ठेवल्या: वर आत्यांची, खाली मुद्रणातील. नात सध्या वरची वाजवते.