मॉन्टेसरी कोणाची? मजूरवस्तीतून निघालेली शाळा

बाजाराच्या गावात 'मॉन्टेसरी' अशी रंगीत पाटी दिसली की आत गणवेश, टाय आणि भरमसाट फी असणार हे आपण धरूनच चालतो. हे नाव पैसेवाल्यांच्या मुलांचे, अशी आपल्या वस्त्यांमधली समजूत आहे. पण ज्या बाईंचे हे नाव, त्यांनी पहिली शाळा काढली ती मजुरांच्या मुलांसाठी. हा इतिहास आपल्या कार्यकर्त्यांना माहीत असायला हवा.

मारिया मॉन्टेसरी यांचा जन्म १८७० चा, इटलीतला. १८९६ मध्ये त्या रोममध्ये डॉक्टर झाल्या आणि विद्यापीठाच्या मनोरुग्ण विभागात काम करू लागल्या. तिथे 'मंदबुद्धी' ठरवलेली मुले वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेली त्यांनी पाहिली. हाताला काम नाही, खेळायला वस्तू नाही. बाईंनी त्यांना हाताळायला वस्तू दिल्या, शिकवले, आणि त्यातली काही मुले इतर मुलांच्या बरोबरीने परीक्षा पास झाली. लोकांनी वाहवा केली. बाईंना मात्र वेगळाच प्रश्न पडला : ही मुले बरोबरी करतात, तर नेहमीच्या शाळा धडधाकट मुलांना इतके मागे का ठेवतात?

हा प्रश्न आपला आहे. 'यांच्या डोक्यात शिरत नाही' हे वाक्य आपल्या किती पिढ्यांनी ऐकले! दोष मुलाच्या डोक्यात नसून त्याला मिळालेल्या परिस्थितीत आहे, हे त्यांनी प्रत्यक्ष काम करून दाखवले.

६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचे 'बालगृह' सुरू झाले. आईबाप कामावर, मुले जिन्यात आणि रस्त्यावर. त्यांच्यासाठी बाईंनी केलेले साहित्य साधे आणि हुशारीचे होते. लाकडी ठोकळ्यात दहा खाचा, त्यांत बसणारे दहा दट्टे, प्रत्येकाचे माप वेगळे. एक चुकीच्या खाचेत गेला की शेवटी एक उरतोच. मूल थांबते, बघते, पुन्हा लावते. चूक त्याला वस्तूच दाखवते. बाईंनी ओरडायचे कारण उरत नाही आणि वर्गासमोर अपमानही होत नाही. माझ्या मते त्यांच्या सगळ्या विचारातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

त्यांचे सगळेच निर्णय बरोबर होते असे नाही. १९२४ च्या सुमारास त्यांनी मुसोलिनीचा पाठिंबा स्वीकारला होता. पुढे पटले नाही आणि १९३४ मध्ये इटलीतल्या त्यांच्या शाळा बंद झाल्या. देश सुटला. १९३९ मध्ये, सत्तरीला टेकलेल्या असताना, त्या मुलगा मारिओसह मद्रासजवळ अड्यारला आल्या. १९४० मध्ये इटली युद्धात उतरताच इंग्रज सरकारने शत्रूदेशाचा नागरिक म्हणून मारिओला स्थानबद्ध केले. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवसाला त्याची सुटका झाली. युद्धाची वर्षे त्यांनी इथेच शिक्षक घडवण्यात काढली. 'ॲब्सॉर्बंट माइंड' हे त्यांचे गाजलेले पुस्तक अहमदाबादच्या व्याख्यानांतून तयार झाले.

महाराष्ट्रात हा विचार त्यांच्या आधीच पोहोचला होता. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करत होत्या. १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार काढले. पण परदेशी साहित्य महाग आणि वर्ग शहरी. गावात हे कसे चालणार? म्हणून १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या. तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. या मोरगावच्या, पुणे जिल्ह्यातल्या, बालवयात विधवा झालेल्या. लाकडी साहित्याच्या जागी शंख, खडे, बिया, पाने आली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. १९५७ नंतर कोसबाडला वारल्यांची मुले गुरे राखायला जात, तर शाळा कुरणात भरली. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या सरकारी बालविकास योजनेच्या केंद्रांनाही 'अंगणवाडी' हेच नाव आहे.

आता डिंभ्याकडे पाहा. धरणाने घोडेच्या खोऱ्यातली गावे, मूळ आंबेगावसुद्धा, पाण्याखाली घेतली. महादेव कोळी आणि कातकरी कुटुंबे हिरड्यावर, मासळीवर आणि नारायणगाव-मंचरकडच्या मजुरीवर जगतात. आईबाप मजुरीला खाली उतरले की मुलेही जातात आणि अंगणवाडीच्या वहीत गैरहजेरी लागते. मूल जिथे आहे तिथे शाळा नेण्याची कोसबाडची युक्ती इथे अजून उपयोगी आहे. मजुरांच्या पालांवर रोज तासभर बसणारे दोन तरुण मिळाले तरी सुरुवात होते. आपल्या विहारातल्या रविवारच्या बालवर्गातही हे करता येईल.

खर्च जवळपास नाही. बांबूचे दहा तुकडे, प्रत्येक आधीच्यापेक्षा एक बोट लांब, टोके घासून गुळगुळीत केलेली. मूल ते उतरत्या क्रमाने लावते. क्रम चुकला की पायरी मोडलेली त्याला स्वतःलाच दिसते. शिकवणाऱ्याने शेजारी बसावे आणि हात मागे ठेवावा.