पडद्यावरील दीर्घ धाव

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंत रामायणातील एकच प्रसंग तीन रूपांत सादर करतात. चित्रकथीत तो कागदावरच्या चित्रांतून उलगडतो, कळसूत्री बाहुल्यांच्या खेळात दोऱ्यांवर हलतो आणि चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळात छाया होऊन पडद्यावर येतो. कथा तीच असली तरी प्रत्येक रूपात पाहणाऱ्याची नजर वेगळ्या जागी खिळते. दीर्घ पल्ल्याच्या धावपटूंवरील चित्रपट आणि अनुबोधपट शेजारी ठेवून पाहू लागले की सिंधुदुर्गातील प्रेक्षकाला याचीच आठवण होते.

अशा कृतींची विभागणी सामान्यतः चरित्रपट आणि अनुबोधपट अशी केली जाते. ती सोयीची आहे, परंतु धावण्याच्या विषयाला पुरत नाही. घर, गाव, संवाद यांची पुनर्रचना करता येते. तासन्‌तास धावलेल्या देहाचा थकवा मात्र अभिनयाने आणणे फार अवघड. म्हणून पडद्यावर प्रत्यक्ष कोण धावत आहे, हा निकष मला अधिक योग्य वाटतो. कधी धावपटू स्वतःचीच भूमिका करतो, कधी नट त्याच्या जागी धावतो, तर कधी मूळ धावेचेच चित्रण आपल्यासमोर येते.

पहिल्या प्रकाराचे उत्तम मराठी उदाहरण म्हणजे ‘लता भगवान करे’ हा जानेवारी 2020 मध्ये प्रदर्शित झालेला चित्रपट. बारामती परिसरात मोलमजुरी करणाऱ्या, साठी उलटलेल्या लताबाई पतीच्या उपचारांसाठी पैसे हवेत म्हणून बारामतीच्या शर्यतीत ज्येष्ठांच्या गटात उतरल्या. अंतर तीन किलोमीटरचे होते. अंगावर नऊवारी, पाय अनवाणी. आणि त्या पहिल्या आल्या. नवीन देशबोयना या दिग्दर्शकाने ही भूमिका एखाद्या नामवंत अभिनेत्रीकडे न सोपवता लताबाईंनाच दिली. सराईत नटीच्या चेहऱ्यावर भाव जसे क्षणोक्षणी पालटतात तसे येथे पालटत नाहीत, हे खरे. पण नऊवारीचा काष्टा सावरून टाकलेले पाऊल, वर्षानुवर्षे शेतात राबल्याने घट्ट झालेली पोटरी आणि डांबरी रस्त्याला सरावलेले तळवे कोणत्याही तालमीने मिळणारे नाहीत. 67 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत या चित्रपटाला विशेष उल्लेखाचा मान मिळाला. आपल्याकडच्या दशावतारी कलावंताची कथा सांगणारा ‘पिकासो’ हा मराठी चित्रपटही त्याच वर्षी त्याच मानाचा धनी ठरला, ही नोंद येथे आवर्जून करावीशी वाटते.

याच जातीची परदेशी कृती म्हणजे लेस्ली वुडहेड यांचा ‘एन्ड्युरन्स’ (1999). इथिओपियाच्या हाइले गेब्रसेलासी याने 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटरचे सुवर्णपदक जिंकले. चित्रपटात तो स्वतःच स्वतःची भूमिका करतो आणि ऑलिंपिकमधील मूळ दृश्येही त्यात गुंफलेली आहेत. लहानपणी शाळेच्या वाटेवर पुस्तके काखेत धरून धावल्यामुळे त्याचा डावा हात मोठेपणीही किंचित आखडलेला राहिला. अभिनेत्याने ही लकब केली असती तर ती नक्कल वाटली असती.

नट धावू लागला की गुणदोष पालटतात. अमेरिकेच्या स्टीव्ह प्रीफाँटेन याचे 1975 मध्ये वयाच्या 24 व्या वर्षी मोटार अपघातात निधन झाले. त्याच्यावर 1995 मध्ये ‘फायर ऑन द ट्रॅक’ हा अनुबोधपट आला आणि त्यापाठोपाठ दोन चरित्रपट आले: स्टीव्ह जेम्स यांचा ‘प्रीफाँटेन’ (1997) आणि रॉबर्ट टाउन यांचा ‘विदाउट लिमिट्स’ (1998). जेम्स मूळचे अनुबोधपटकार असल्याने त्यांनी पात्रांच्या मुलाखती घेतल्याचा आभास निर्माण केला. टाउन यांनी गुरुशिष्यांच्या नात्याला केंद्रस्थानी आणले. त्यांचे सहलेखक केनी मूर स्वतः 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनमध्ये चौथे आले होते. त्याच स्पर्धेत पाच हजार मीटरच्या अंतिम शर्यतीत प्रीफाँटेनही चौथाच आला. अखेरच्या काही मीटरांत ब्रिटनच्या इयन स्ट्युअर्टने त्याला मागे टाकले. कांस्यपदक असे डोळ्यांदेखत निसटणे म्हणजे काय, याची जाण ‘विदाउट लिमिट्स’मध्ये अधिक खोल आहे. दोहोंतून एकच निवडायचा झाल्यास मी तो निवडेन.

मूळ धावेच्या चित्रणाचा आदर्श कोन इचिकावा यांच्या ‘टोकियो ऑलिंपियाड’ (1965) या अनुबोधपटात सापडतो. इथिओपियाचा अबेबे बिकिला 1960 मध्ये रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अनवाणी धावून जिंकला होता. 1964 मध्ये टोकियोला तो बूट घालून धावला, तेही अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांच्या आत. इचिकावा त्याचा चेहरा मंद गतीने, जवळून आणि बराच वेळ दाखवतात. घाम ओघळतो, गालाची कातडी प्रत्येक पावलागणिक थरथरते, नजर मात्र ढळत नाही. पुढे 2009 मध्ये ‘द ॲथलीट’ या कथापटाने बिकिलाच्या धावेची जुनी दृश्ये आपल्या कथेत वापरली.

शेवटच्या दोन प्रकारांची खरी कसोटी लागते ती बुधिया सिंगच्या बाबतीत. ओडिशातील हा चार वर्षांचा मुलगा 2 मे 2006 रोजी पुरीहून भुवनेश्वरकडे निघाला आणि 65 किलोमीटर सात तास दोन मिनिटांत धावला. मालवणहून कुडाळमार्गे सावंतवाडी गाठली तरी एवढे अंतर भरत नाही. सौमेंद्र पाढी यांच्या ‘बुधिया सिंग : बॉर्न टू रन’ (2016) या चित्रपटात मयूर पाटोळे याने बुधियाची, तर मनोज वाजपेयी यांनी प्रशिक्षक बिरंची दास यांची भूमिका केली. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वाजपेयींचा दास जिद्दी, प्रेमळ आणि हटवादीही आहे. प्रेक्षक त्याच्या बाजूला झुकतो. जेमा अ‍ॅटवाल यांचा ‘मॅरेथॉन बॉय’ हा अनुबोधपट आपल्याला असे झुकू देत नाही. घटना घडत असतानाच त्याचे चित्रीकरण अनेक वर्षे चालू होते. गर्दीचा जयजयकार, शासनाची बंदी, प्रशिक्षकावरील छळाचे आरोप आणि एप्रिल 2008 मधील त्यांची हत्या या सर्वांतून तो जातो. पुढे काय होणार हे चित्रीकरण करणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते आणि तीच अनिश्चितता चित्रणात उतरली आहे. चित्रपटात मुलाची धाव हा पराक्रम दिसतो. अनुबोधपटात ते कोवळे पाय खरे असल्यामुळे कौतुक आणि काळजी एकाच वेळी दाटून येतात.

मुलांना धावायला शिकवणाऱ्या शिक्षकांनी व पालकांनी या दोन्ही कृती पाहाव्यात, आधी चित्रपट आणि मग अनुबोधपट, या क्रमाने. उलट क्रमाने पाहिल्यास चित्रपटातील आनंदाचे प्रसंग मनाला मोकळेपणाने भिडत नाहीत आणि वाजपेयींच्या उत्तम अभिनयाला न्याय मिळत नाही.