दोन ब्रेकांमधला एक क्षण

मोटारीचा एखादा भाग नादुरुस्त झाला, की आपण ती गॅरेजमध्ये नेतो. मेकॅनिक बॉनेट उघडतो, बिघडलेला भाग शोधून काढतो आणि त्या जागी नवा बसवतो. पण विद्यार्थिमित्रांनो, समजा गाडीतला प्रत्येक भाग शाबूत आहे, कोठे गळती नाही, कोठे झीज नाही आणि तरीही ब्रेक लावताना काही तरी चुकते आहे. मग मेकॅनिकने दुरुस्त करायचे तरी काय?

असा प्रश्न २०१० साली जपानमधील टोयोटा कंपनीपुढे उभा राहिला. ९ फेब्रुवारी २०१० रोजी तिने आपल्या प्रिअस आणि त्याच धर्तीच्या आणखी काही मोटारी परत बोलावत असल्याचे जाहीर केले. जगभर मिळून या मोटारींची संख्या सुमारे ४ लाख ३७ हजार होती. विकलेल्या गाड्या सुरक्षिततेच्या कारणासाठी अशा परत बोलावून त्यांची विनामूल्य दुरुस्ती करण्याला ‘रिकॉल’ म्हणतात. या रिकॉलमध्ये ब्रेकचे नियंत्रण करणाऱ्या संगणकातील आज्ञावली तेवढी बदलण्यात आली. दोष त्या आज्ञावलीत होता. तो कोणता, हे समजण्यासाठी आधी ब्रेकचे काम नीट पाहू या.

ऊर्जा जाते कोठे?

सुमारे १४०० किलोग्रॅम वस्तुमानाची मोटार ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने धावत आहे असे धरा. तिची गतिज ऊर्जा, म्हणजे ½mv², किती भरेल? उत्तर २ लाख ८० हजार ज्यूल येते. एक लिटर पाणी २५ अंशांपासून जवळजवळ ९२ अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला एवढी ऊर्जा पुरते. मोटार थांबवायची म्हणजे या ऊर्जेची काही तरी वाट लावायची.

नेहमीच्या ब्रेकमध्ये पायाने दिलेला दाब बंदिस्त तेलातून चाकांपर्यंत पोहोचतो. पास्कलचा नियम तुम्ही शिकला आहातच. तेथे ब्रेक पॅड फिरत्या तबकडीवर दाबले जातात, घर्षणाने उष्णता निर्माण होते आणि ती हवेत निघून जाते. ऊर्जा गेली ती गेलीच.

प्रिअस ही संकरित, म्हणजे हायब्रिड मोटार. जपानमध्ये तिची विक्री १९९७ मध्ये सुरू झाली. तिच्यात पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असते. वीज दिली की ही मोटर चाके फिरवते. उलट, चाकांनी मोटरला फिरवले की तीच जनित्र बनते, वीज निर्माण करते आणि बॅटरी भरू लागते. लेंझच्या नियमानुसार ही निर्माण होणारी वीज आपल्याला जन्म देणाऱ्या गतीलाच विरोध करते. म्हणून चाके मंदावतात. याला पुनर्निर्माणी ब्रेक म्हणता येईल, कारण वाया जाणाऱ्या ऊर्जेचा काही भाग तो परत मिळवून देतो.

अशा रीतीने या गाडीत ब्रेक दोन आणि पायाखालचे पेडल मात्र एकच. कोणत्या ब्रेकने किती भार उचलायचा, याची वाटणी संगणक करतो. चालकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

घसरणाऱ्या चाकाची गोष्ट

आता तिसरे पात्र. फिरणाऱ्या चाकाचा जो बिंदू रस्त्याला टेकलेला असतो, तो त्या क्षणी रस्त्याच्या संदर्भात स्थिर असतो. तेथे स्थैतिक घर्षण काम करते. ब्रेक फार जोरात लागून चाक जागच्या जागी अडकले, तर टायर रस्त्यावरून घासत जाते आणि गतिक घर्षण सुरू होते. सामान्यतः गतिक घर्षण हे स्थैतिक घर्षणाच्या कमाल मर्यादेपेक्षा कमी असते. शिवाय अडकलेली चाके वळवली तरी गाडी वळत नाही.

यावरचा उपाय म्हणजे ए.बी.एस., अर्थात चाक अडकू न देणारी ब्रेक-यंत्रणा. चाकांजवळचे संवेदक त्यांचा वेग सतत मोजत असतात. एखादे चाक घसरू लागले, की संगणक त्याच्या ब्रेकवरील दाब किंचित उतरवतो आणि पुन्हा चढवतो. हे एका सेकंदात अनेकदा घडते. १९७८ साली बॉश कंपनीची अशी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मर्सिडीज-बेंझच्या मोटारीत आली आणि पुढे ती जगभर पसरली.

अदलाबदलीचा क्षण

प्रिअसमधील अडचण या तिघांच्या भेटीत होती. चालक सावकाश, एकसारखा ब्रेक लावत आहे. रस्त्यावर बर्फ आहे, किंवा चाक खड्ड्यावरून उडते. चाक घसरताच ए.बी.एस. जागे होते. विजेचा ब्रेक बाजूला होतो आणि सगळे काम तेलाच्या ब्रेककडे जाते. रिले शर्यत आठवा. दोन्ही धावपटू कितीही चपळ असले, तरी बॅटन हातात देताना शर्यत रेंगाळू शकते. येथेही तसेच झाले. पायाचा दाब तोच असताना, ए.बी.एस. सुरू झाल्यावर मिळणारे रोधक बल आधीपेक्षा कमी पडत होते.

ब्रेक निकामी झाले होते असे मात्र नाही. पेडल अधिक जोराने दाबले की गाडी थांबत असे. पण ज्याने अंदाज बांधून पाय ठेवला आहे, त्याचा अंदाज चुकत होता. तो किती चुकेल, हे आपण काल्पनिक आकड्यांनी पाहू. गाडीचा वेग सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर आहे. मंदन प्रति सेकंद वर्ग २ मीटर असेल, तर थांबण्याचे अंतर v²/2a या सूत्राने २५ मीटर येते. मंदन १.५ वर उतरले, तर तेच अंतर ३३ मीटरांच्या वर जाते. चौकात पुढची गाडी २८ मीटरांवर उभी असेल, तर या फरकाचा अर्थ सांगायला नको.

भास की मोजमाप?

फेब्रुवारी २०१०च्या आरंभापर्यंत अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाकडे अशा १२४ तक्रारी आल्या होत्या. त्यांपैकी चार तक्रारींत अपघात झाल्याचे म्हटले होते. प्रशासनाने चौकशी सुरू केली. कंपनीचे सुरुवातीचे म्हणणे असे, की हा चालकाला पेडलवर काय जाणवते याचा प्रश्न आहे. जानेवारीपासून तयार होणाऱ्या नव्या गाड्यांत मात्र तिने सुधारणा करून टाकली होती. रस्त्यावर आधीच धावणाऱ्या गाड्यांसाठी रिकॉल त्यानंतर आला.

‘नुसते जाणवणे’ म्हणून ही गोष्ट सोडून देता येईल का? भौतिकशास्त्र काय सांगते ते पाहा. एस.टी. सरळ रस्त्यावर एकसारख्या वेगाने जात असेल आणि तुम्ही डोळे मिटले, तर तिचा वेग तुम्हाला सांगता येणार नाही. पण चालकाने ब्रेक दाबला, की तुम्ही पुढे झुकता आणि ब्रेक सोडला, की मागे येता. आपल्या शरीराला वेग कळत नाही. वेगातील बदल मात्र चटकन कळतो. ‘ब्रेक लागता लागता गाडी सुटल्यासारखी वाटली’ असे चालक म्हणतो, तेव्हा मंदन अचानक घटल्याची ती नोंदच असते. एकाची नोंद ढोबळ असेल, चुकीचीही असेल. पण एकमेकांना न ओळखणारी अनेक माणसे तशाच रस्त्यांवर तेच सांगू लागली, तर तो प्रयोगशाळेत तपासण्याजोगा पुरावा ठरतो.

यंत्रे जसजशी संगणकाच्या ताब्यात जात आहेत, तसतसे असे दोष पान्याला सापडेनासे होणार. म्हणून तक्रार नोंदवणारा ग्राहक, ती तपासणारी सरकारी संस्था आणि निर्मात्यावर बंधन घालणारा कायदा या तिघांची गरज वाढते. आपल्या देशात मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले. सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार त्याने केंद्र सरकारला मिळाला.

करून पाहा

३० सेंटिमीटरची पट्टी मित्राला उभी धरायला सांगा. शून्याची खूण तुमच्या उघड्या चिमटीत असू द्या. त्याने न सांगता पट्टी सोडावी, तुम्ही ती पकडावी. पट्टी किती सेंटिमीटर घसरली ते पाहा आणि s = ½gt² या सूत्राने वेळ काढा. २० सेंटिमीटर घसरली असेल, तर वेळ सुमारे ०.२ सेकंद येईल. ताशी ५४ किलोमीटर वेगाची गाडी तेवढ्यात ३ मीटर पुढे जाते. मग मित्राशी गप्पा मारता मारता हाच प्रयोग पुन्हा करा आणि दोन्ही अंतरे वहीत शेजारी शेजारी लिहा.