सर्व्हे आपला, सवाल कोणाचे?

मोहल्ल्यात सर्व्हेवाले येतात. घरात माणसं किती, कमावणारे किती, मुलं कितवीत, असं विचारून पंधरा मिनिटांत फॉर्म भरून जातात. पुढे त्याचं काय झालं, हे भाभी-खालांना कोणी सांगायला येत नाही. म्हणून संशोधन कसं होतं, हे आपल्यालाही थोडं ठाऊक हवं.

बी.एड.ला आम्ही दोन रीती शिकलो. एक आकड्यांची, दुसरी बोलण्या-ऐकण्याची. दोन्ही एकत्र केल्या की मिश्र पद्धत. आता एकत्र करायचं कोणी, खरा फरक तिथे पडतो.

सच्चर समिती घ्या. मार्च 2005 मध्ये नेमली, नोव्हेंबर 2006 मध्ये अहवाल. जनगणना आणि बँकांचे आकडे तिने तपासलेच, शिवाय राज्याराज्यांत फिरून लोकांचं ऐकलं आणि त्यासाठी वेगळं प्रकरण दिलं. 'मुसलमान मुलं मदरशातच जातात' असा सर्वत्र समज. आकडा निघाला जेमतेम 3 टक्के. उलट 6 ते 14 वयातली 25 टक्के मुलं शाळेत गेलीच नव्हती किंवा मध्येच गळाली होती. काही बँकांनी मुस्लिम वस्त्यांना 'निगेटिव्ह' ठरवून ठेवलंय, हेही अहवालात आलं. मोठं काम. पण सवाल दिल्लीत ठरले, लोक फक्त साक्षीदार.

भायखळ्यात 1985 साली उलटं घडलं. ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल लागला, पावसाळ्यानंतर फूटपाथवरच्या झोपड्या हटणार होत्या. 'स्पार्क' संस्थेने त्याच वस्तीतल्या लोकांना सोबत घेऊन सुमारे 6 हजार कुटुंबं मोजली. सरकारी यादीत नसलेली माणसं कागदावर आली. पुढच्या वर्षी तिथल्या बायांची 'महिला मिलन' उभी राहिली, त्यात आपल्या बायाही होत्या. मुंबईतच 2005 पासून 'पुकार' संस्थेत तरुण मुलं-मुली विषयसुद्धा स्वतः निवडतात. ज्याच्यावर अन्याय होतो त्याच्यापासून सुरुवात करणाऱ्या अशा आराखड्याला डोना मर्टेन्स या अमेरिकन अभ्यासक 'परिवर्तनवादी' म्हणतात.

आता पनवेलचं बोलू. समजा, उर्दू माध्यमातल्या मुली सातवी-आठवीनंतर का थांबतात, हे शोधायचंय. एक वाट अशी: आधी हजेरीपटावरून मुली मोजा, मग गळालेल्यांच्या घरी जाऊन कारण विचारा. काम लवकर उरकतं. दुसरी वाट: आधी आयांमध्ये बसा, त्या जे बोलतील त्यावरून फॉर्म बनवा, मग घरोघरी मोजा. वेळ लागतो, तरी आम्हाला हीच बरी वाटते. तयार फॉर्ममध्ये 'गरिबी', 'लग्न', 'आवड नाही' एवढेच चौकोन असतात. 'शाळेतल्या बाथरूमला कडी नाही' असं आई म्हणाली तर खूण कुठे करायची?

मात्र शेजारणीने शेजारणीला विचारलं की कमाई आणि घरातले झगडे लपवले जातात. तेव्हा फॉर्मवर नाव नको, आणि त्या गल्लीतली बाई त्याच गल्लीत नको. निष्कर्ष आधी मोहल्ल्यात वाचून दाखवायचे, चूक असेल तर लोक तिथेच टोकतील. आणखी एक, 'समाजाचा सहभाग' म्हणून जमातीतले चार बुजुर्ग पुरुष बोलावले की काम झालं असं आपल्याकडे सर्रास धरतात. बायांची बैठक वेगळी, दुपारी, स्वयंपाक आटोपल्यावर ठेवावी लागते.